गुप्त्यांच्या कोंबड्याची थंडी

पनवेलला थंडी कधी पडते ते पनवेलकरालाही धड सांगता येत नाही. डिसेंबरात एखाद्या पहाटे पंखा तीनावरून दोनावर येतो, तेवढीच ती. पण आमच्या शेजारच्या गुप्त्यांच्या घरी भाऊबीज झाली की दुसऱ्या सकाळी थंडी सुरू व्हायची. त्यांना नव्हे, त्यांच्या कोंबड्याला. गुप्ते मागच्या पायरीवर बसायचे, कोंबडा दोन गुडघ्यांत धरायचे, शेजारी व्हॅसलीनची डबी उघडून ठेवायचे आणि त्याच्या तुऱ्याला दोन्ही हातांनी हलकेहलके व्हॅसलीन लावायचे. अंगात बनियन, मानेवरून घामाचे ओघळ, आणि तोंडाने कोंबड्याला समजावणं चाललेलं, "झालं रे, झालं. थंडीचे दिवस आहेत."

"अहो गुप्ते, डबीतलं व्हॅसलीन वितळून पाणी झालंय," मी भिंतीवरून म्हटलं.

"सावंतबाई, थंडी सांगून येत नाही," ते म्हणाले.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, जून महिन्यात शाळेचे गणवेश. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. पण गुप्त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी इतकी वर्षं काढली. माझ्या जागी एखादा संत असता तर त्यानेही टाळ फेकून मारले असते.

तो कोंबडा पांढराशुभ्र, विलायती जातीचा. तुरा मात्र असा की कुणी लाल रंगात हात बुडवून पंजा उभा धरलाय असं वाटावं. नाव सुभेदार. सुभेदार पहाटे आरवायचा तो नेमका माझ्या खिडकीखाली येऊन. स्वतःच्या मालकाच्या खिडकीखाली कधी नाही. एकदा तो भर दुपारीही आरवला म्हणून मी तांब्याभर पाणी फेकलं, तर गुप्ते धावत आले आणि मला म्हणाले, "तुरा ओला केलात. आता काही झालं तर जबाबदार कोण?" बाहेर उन्हाने पत्रा तापलेला होता. मी म्हटलं, "मी जबाबदार. लिहून घ्या."

पनवेलच्या बाजारात त्यांची फार चेष्टा व्हायची. गुप्ते म्हणजे कायस्थ, आणि कायस्थाच्या घरात कोंबडी असून ती पातेल्यात नाही, ही गोष्टच लोकांना पटत नव्हती. कुणी विचारलं, "काय गुप्तेसाहेब, रविवारी सुभेदार का?" की हा माणूस भर रस्त्यात तांबडालाल व्हायचा. "पोटच्या पोराचा रस्सा करता का तुम्ही?" असं विचारायचा. आयुष्यभर सरकारी कोंबडीपालन केंद्रात कारकुनी केलेली. तिथे कोंबडीला हात लावायची वेळ कधी आली नाही, अंडी मोजून कागदावर चढवली तेवढीच. पण निवृत्त झाल्यावर त्यांना वाटायला लागलं की कोंबड्यांतलं आपल्याइतकं कळणारा माणूस कुर्ल्यापासून कर्जतपर्यंत नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "थंडी नाही मारत हो, ओल मारते. कोंडू नका." हे वाक्य कोंबड्यांबद्दलचं. खुराडं गच्च बंद केलं की कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आत साठते, ती तुऱ्यावर बसते आणि मग गारठ्याने तुरा काळा पडतो, असं त्यांचं शास्त्र. असेल खरं. पण ते शास्त्र गुप्ते माणसांनाही लावायचे. सत्यनारायणाला गेले की आधी खिडक्या उघडायचे, समईची ज्योत विझायची, आणि भटजी हात जोडायचे. बँकेच्या रांगेत उभे राहिले तर शिपायाला झडप उघडायला लावायचे. माझ्याशी तर रोजचं भांडण. सुभेदाराच्या आरवण्यामुळे मी माझी मागची खिडकी बंद ठेवायची, आणि हे बाहेरून छत्रीच्या टोकाने ती ढकलून उघडायचे. "कोंडून घेऊ नका, सावंतबाई." मी आतून कात्री आपटायची. असं किती वर्षं चाललं ते देवालाच माहीत.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसता चक्रम होता. चक्रम होताच, पण नुसता नव्हता.

गुप्त्यांना एकच मुलगी, शुभा. आई ती लहान असताना गेली. शुभा माझ्याकडे काज-बटण शिकायला यायची. हात हलका, टाका बारीक, आणि स्वभाव थेट बापाचा. एकदा शाळेची सहल माथेरानला गेली आणि परत आली तेव्हा हिची बोटं सुजून गाजरासारखी झालेली. आठवडाभर सुई धरता आली नाही. माथेरान ते केवढं, तिथली थंडी ती काय, पण हिला तेवढीही सोसली नाही. गुप्त्यांनी तेव्हा ठरवून टाकलं की या मुलीला घाटावरसुद्धा द्यायचं नाही.

आणि या पोरीने लग्न ठरवलं ते थेट हिमाचलातल्या मुलाशी. रसायनीच्या कारखान्यात नोकरीला होता. मुलगा सालस, नाव ठेवायला जागा नाही. त्याचे वडील गेले, घरची सफरचंदाची बाग बघायला कुणी नव्हतं, म्हणून परत निघाला आणि हिला म्हणाला, येतेस का. ही म्हणाली, येते.

त्या आठवड्यात माझ्या भिंतीपलीकडे जे भांडण झालं ते अर्ध्या पनवेलने ऐकलं असेल. गुप्ते ओरडत होते, "थंडीत मरशील तिकडे. तुझी बोटं बघ आधी." आणि शुभा ओरडत होती, "मरेन तर मरेन. आजपासून माझी चौकशी करायची नाही. बोटं म्हणू नका, तब्येत म्हणू नका, एक शब्द विचारलात तर मी फोन ठेवीन. आणि परत करणार नाही."

लग्न झालं. गुप्ते तोंड फुगवून का होईना, उभे राहिले. पण रुखवतात या माणसाने काय मांडावं? एका बाजूला लाडू, चकल्या, रंगीत पापडांचा मोर. आणि त्यांच्या शेजारी वेताच्या टोपलीत जिवंत पांढरा कोंबडा, सोबत चार कोंबड्या. त्याचं नाव सरदार. सुभेदाराचा सख्खा भाऊ, एकाच खुडूक कोंबडीखाली उबवलेले दोघे. तुरा सुभेदाराहून मोठा. आपल्याकडचं सगळ्यात रुबाबदार ते मुलीला द्यायचं, एवढाच विचार. थंड मुलुखात मोठ्या तुऱ्याचा कोंबडा द्यायचा नसतो, तुरा जेवढा मोठा तेवढा लवकर गारठतो, हे कोंबड्यांच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. सरदाराने मांडवात बांग दिली आणि पापडांच्या मोरावर घाण केली.

मुलाची आई पहाडातून आलेली. उंच, सरळ, कमी बोलणारी बाई. तिने रुखवत पाहिलं. टोपलीजवळ थांबली. आधी कोंबड्याच्या तुऱ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या नवरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "यह मैदान की चीज़ है. एक सर्दी नहीं निकालेगी."

कोंबड्याला म्हणाली की शुभाला, ते कुणी विचारलं नाही. पण मी गुप्त्यांच्या मागेच उभी होते. त्यांची मान ताठ झाली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की सरदाराचा तुरा टिकला पाहिजे. तो काळा पडला तर ती बाई म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं, आणि मग पोरीचं त्या घरात काय होईल. याच्यावर माझं म्हणणं असं की सगळा वेडेपणा होता. पण लेकीच्या बापाला शहाणपण कोण शिकवणार?

त्या काळात आमच्या ओळीत फोन एकच, माझा. गिऱ्हाइकांसाठी घेतलेला, पण नंबर सगळ्यांनी नातेवाइकांना वाटून टाकला होता. शुभाचा फोन रविवारी सकाळी यायचा, एसटीडी बूथवरून. लाइन इतकी खराब की ती तिकडून ओरडायची आणि गुप्ते इकडून. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या. न ऐकण्याची सोयच नव्हती.

आणि बोलणं काय? मला अजून आठवलं की डोकं फिरतं. पोर हजार कोस लांब, बूथवरचा मीटर पळतोय, आणि हा बाप विचारतोय, "तुरा कसा आहे?"

"लाल आहे."

"दांडी बदललीस का? बसायची दांडी चपटी, रुंद हवी. बसल्यावर पायाची बोटं पोटाखाली झाकली गेली पाहिजेत."

"बदलली."

"पाणी खोल भांड्यात ठेवू नकोस. पिताना चोचीखालच्या पाळ्या भिजतात. अरुंद तोंडाचं ठेव. आणि व्हॅसलीन?"

"लावते."

"कापसाने लावतेस?"

"नाही, हाताने."

"दोन्ही हातांनी लाव. सकाळी आणि संध्याकाळी. सावकाश. घाई करायची नाही. जाड थर राहिला पाहिजे."

"बरं."

"ठेव."

संपलं. ना जेवलीस का, ना झोपलीस का. मी पायाने मशिन चालवत असायची आणि रागाने सुई मोडायची.

बरं, या माणसाने आयुष्यात कधी दव गोठलेलं पाहिलेलं नाही. मग पोरीला सांगतो कशाच्या जोरावर? तर आधी सुभेदारावर करून बघायचं, मग सरदाराचं सांगायचं. पण पनवेलला थंडी आणायची कुठून? एका जानेवारीत गुप्ते मच्छीबाजारात गेले आणि हिरूबाईकडून बर्फाची लादी घेऊन आले. हिरूबाई उरणकडची कोळीण, पाटीवर पापलेट घेऊन बसायची. लादी भुशात गुंडाळून, हातगाडीवर घालून ती स्वतः पोचवायला आली, कारण हा माणूस बर्फाचं करतो तरी काय हे तिला बघायचं होतं.

गुप्त्यांनी लादी खुराड्यात ठेवली. सुभेदाराला आत घातलं. मग डोक्याला माकडटोपी चढवून, हातात तापमापक घेऊन स्वतः आत शिरून बसले. बाहेर पनवेलचं ऊन. आत एक माणूस, एक कोंबडा आणि बर्फ. सुभेदार लादीकडे बघत होता आणि लादीवरून नजर काढून गुप्त्यांकडे बघत होता.

हिरूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुप्तेदादा, कोंबरी बर्फान ठेवतात, पन कापून. जिती नाय."

"गप्प बस," गुप्ते आतून म्हणाले.

थोड्या वेळाने बर्फ वितळला, भुसा चिखल झाला, खुराडं ओलंचिंब झालं आणि गुप्ते शिंकत बाहेर आले. सुभेदाराला काहीही झालं नव्हतं. पण गुप्ते खूश होते. "कळलं का, सावंतबाई? थंडी कमी होती, ओल जास्त होती. ओलच मारते." आणि पुढच्या रविवारी पोरीला सांगितलं, खुराड्याला वर छताजवळ झरोका ठेव, वाफ बाहेर जाऊ दे, खाली गवत कोरडं ठेव. चार दिवस त्यांना ताप होता. त्याबद्दल तिकडे चकार शब्द नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी शुभा म्हणाली, "बाबा, तुऱ्याच्या टोकाला पांढरं पडलंय."

गुप्त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाज मात्र खणखणीत. "चोळू नकोस. ऐकतेस का? चोळायचं नाही. शेकोटीजवळ नेऊ नकोस. दोन्ही हातांची ओंजळ कर आणि त्यात धर. ऊब येईपर्यंत सोडू नकोस."

पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. गुप्ते सकाळपासून माझ्या स्टुलावर बसले होते. दुपार झाली. मी चहा ठेवला तर प्यायले नाहीत. मी चिडून म्हटलं, "बर्फ पडला असेल, तारा तुटल्या असतील. इथे बसून काय होणार आहे?" त्या दिवशी मी एका ब्लाउजला दोन डाव्या बाह्या लावल्या. माझा काय संबंध होता सांगा. कोंबडा त्यांचा, पोर त्यांची, आणि जीव माझा टांगणीला.

फोन आला तो बुधवारी. तुऱ्याचा एक कंगोरा गळून गेला होता, बाकी शाबूत. "आरवतो का?" गुप्त्यांनी विचारलं. "आरवतो," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, हट्टी आहे." गुप्त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि माझा गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

त्या दिवशी माझा संयम संपला. मी मशिन थांबवलं आणि म्हटलं, "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? एकुलती एक पोर. आठ-दहा दिवस जीव मुठीत धरून बसलात. आणि बोलायला मिळालं तर काय विचारलंत, तर कोंबडा आरवतो का? एकदा तरी विचारा, शुभे, तू कशी आहेस. जीभ झडेल का?"

गुप्ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता स्टूल फेकतात. "मला शिकवू नका, सावंतबाई. तिने सांगितलंय, विचारलंत तर फोन ठेवीन. गुप्त्यांची मुलगी आहे, ठेवेल. परत करणार नाही. मग रविवारी मी काय ऐकू? तुमच्या मशिनची खडखड?"

मला आणखीच राग आला. "आणि ते दोन्ही हातांनी, दोन्ही हातांनी काय लावलंय? एका हाताने लावलं तर कोंबडा रुसतो?"

"तुम्हाला कोंबड्यातलं काय कळतंय," असं म्हणून ते निघून गेले. जाताना माझी खिडकी छत्रीने उघडून गेले.

त्यानंतर मी नाद सोडला. सरदाराने तो हिवाळा काढला, दुसरा काढला, पुढचेही काढले. शुभाने त्याला पहाडी कोंबड्यांत सोडला आणि त्यांची अंडी उबवली. पिल्लं निघाली ती मधल्या तुऱ्याची, ना धड मैदानी ना धड पहाडी. गुप्ते त्यावर महिनाभर नाराज होते. "तुरा उतरला," म्हणायचे. पहाडाला तेवढाच तुरा बरा, असं शुभा म्हणाली तर तिच्याशी दोन रविवार तोऱ्यात बोलले. बोलले मात्र दर रविवारी. इकडे पनवेलमध्ये सुभेदार म्हातारा झाला, पायरीवर व्हॅसलीन लावून घेताना डोळे मिटायला लागला. माझ्या खिडकीखाली येऊन आरवायचा तोही नुसता घोगरा खाकरल्यासारखा. मला आपलं वाटायचं, सुटलो एकदाचे.

होळीच्या सुमारास एक फोन आला. वार रविवार नव्हता. मी भिंतीवर लाटणं आपटून गुप्त्यांना बोलावलं. ते अर्धी दाढी करून, गालाला साबण तसाच घेऊन आले.

"बाबा," शुभा ओरडली, "सरदार गेला."

गुप्ते म्हणाले, "थंडीने?"

"नाही. म्हातारा झाला होता. रात्री दांडीवर बसला तो सकाळी उठला नाही."

"तुरा?"

"लाल होता. शेवटपर्यंत. सासूबाईंनी बागेत पुरला. कुणाला हात लावू दिला नाही. रडल्या त्या, बाबा."

गुप्त्यांनी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग, पण हलवली. मला वाटलं आता म्हणतील, ठेव. पण ते नुसते उभे होते. रिसीव्हर हातात, गालावरचा साबण वाळत चाललेला. पहिल्यांदाच या माणसाजवळ विचारायला काही उरलं नव्हतं. तुरा नाही, दांडी नाही, पाणी नाही. मीटर पळत होता. दोघांपैकी कुणी बोलेना आणि कुणी फोनही ठेवेना.

शेवटी गुप्ते म्हणाले, "व्हॅसलीनची डबी... शिल्लक आहे का?"

"अर्धी आहे."

"फेकू नकोस. पिल्लांना होईल."

"त्यांचे तुरे लहान आहेत, बाबा. त्यांना लागत नाही."

"तरी लाव," गुप्ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तरी लाव. दोन्ही..."

आणि तिकडून शुभा म्हणाली, नेहमीसारखं ओरडून, सगळ्या बूथला ऐकू जाईल असं, "बाबा, लावते मी. रोज लावते. माझी बोटं बरी आहेत. पहिल्या वर्षीच थोडी सुजली, त्यानंतर एकदाही नाही."

माझा पाय मशिनवरच राहिला. गाजरासारखी ती बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. कापसाने नको, हाताने. सकाळ-संध्याकाळ. ओंजळीत धर, ऊब येईपर्यंत सोडू नकोस. आणि मी मेली म्हणत होते, कोंबडा रुसतो का.

गुप्ते मात्र एकदम भडकले. "बोटांचं कोण विचारतंय?" ते रिसीव्हरमध्ये ओरडले. "मी विचारलं का? मी एक शब्द तरी विचारला का? मी कोंबड्यांचं बोलतोय."

"नाही विचारलंत," शुभा म्हणाली. "मीच सांगितलं. ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः काही रिसीव्हर ठेवला नाही. तिकडून लाइन तुटल्यावरही तो कानाशी धरून उभे राहिले. मी उठून त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा ते स्टुलावर बसले, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, साबण पुसला गेला, तरी पुसतच राहिले.

"काय हो हे, सावंतबाई," ते टॉवेलातून म्हणाले. "किती कोंडून घेता. खिडकी उघडा जरा."

खिडकी सताड उघडीच होती. खाली सुभेदार खाकरत होता. एरवी मी या माणसाला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी उठले आणि दारही उघडून ठेवलं.